कागदाची उत्तर आणि पृथ्वीची उत्तर

#धागा #नकाशांचा_इतिहास

१/
एखाद्या इमारतीचा आराखडा हाती घ्या. भिंती कागदाच्या कडांना समांतर, खोल्या चौकोनी, सारे कसे सरळ उभे. पण कोपऱ्यात उत्तर दाखवणारा एक छोटा बाण असतो आणि तो बहुधा तिरका असतो. प्रत्यक्षात तिरकी असते ती इमारत. कागदावर ती सरळ बसावी म्हणून आराखडा फिरवला जातो, आणि त्या फिरवण्याची कबुली म्हणून बाण तिरका होतो. आजचा धागा या तिरक्या बाणाच्या इतिहासाविषयी.

२/
वास्तू जमिनीवर जशी आहे तशी कागदावर मावत नाही, म्हणून ती फिरवावी लागते. ती फिरवूनही पृथ्वीवरील तिचे खरे स्थान हरवू द्यायचे नाही, हा पेच माणसाने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने सोडवला. कधी तो सुटला, कधी सुटला नाही. जिथे सुटला नाही तिथे काय गमावले, हेही आपण पाहणार आहोत.

३/
आरंभ करू अशा काळापासून, जेव्हा हा पेच नव्हताच. वैदिक यज्ञवेदी रचण्याचे नियम शुल्बसूत्रांत आहेत. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिशा ठरवण्याची रीत अशी : सपाट जागी शंकू, म्हणजे एक सरळ खुंटी, रोवायची. तिच्या उंचीइतक्या दोरीने भोवती वर्तुळ काढायचे. खुंटीच्या सावलीचे टोक सकाळी आणि दुपारनंतर वर्तुळाला जिथे स्पर्श करील तिथे खुणा करायच्या. त्या दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा, ‘प्राची’.

४/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही आकृती जमिनीवरच आणि पूर्ण मापाने काढली जाई. आकृती आणि पृथ्वी यांच्यात अंतरच नव्हते. आधी सूर्याकडून दिशा घ्यायची, मग तिच्यावर वेदी बेतायची. आकृती फिरवण्याचा प्रश्न उद्भवतो तो ती जमिनीवरून उचलून दुसऱ्या कशावर तरी मांडल्यावर. मग ते भूर्जपत्र असो, कागद असो वा संगमरवर.

५/
आता संगमरवराकडे, म्हणजे रोमकडे जाऊ. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या काळात, इ. स. २०३ ते २११ च्या दरम्यान, रोम शहराचा एक प्रचंड नकाशा कोरण्यात आला. त्याला ‘फोर्मा उर्बिस रोमे’ म्हणतात. रुंदी सुमारे १८ मीटर, उंची सुमारे १३ मीटर, आणि त्यासाठी १५० संगमरवरी फरश्या. ‘शांतीचे मंदिर’ या वास्तुसमूहातील एका दालनाच्या भिंतीवर हा नकाशा बसवला होता.

६/
प्रमाण साधारण १:२४०. त्यात केवळ रस्ते नव्हते. इमारतींचे अंतर्भाग, खांबांच्या रांगा, दुकानांचे गाळे, एवढेच काय, जिनेही कोरलेले होते. एका अर्थी ते संपूर्ण शहराचे वास्तुरेखाटनच होते. आणि त्यात वरच्या बाजूला उत्तर नव्हती, आग्नेय दिशा होती.

७/
त्या काळच्या रोमकराला याची अडचण भासली नसणार. समोर कोलोसियम दिसले, पलीकडे सर्कस मॅक्सिमस दिसले की बाकीचे शहर त्याच्या मनात आपोआप जागेवर बसत असणार. नकाशा कोणत्या कोनातून फिरवला आहे याचे उत्तर दाराबाहेर उभ्या असलेल्या शहरातच होते. जोवर शहर उभे होते तोवर नकाशाला वेगळ्या खुणेची गरज नव्हती.

८/
पुढे शहर ढासळले आणि नकाशाही ढासळला. १५६२ मध्ये सांती कोस्मा ए दामियानो या चर्चच्या मागे त्याचे तुकडे सापडले. त्यातले काही पुन्हा हरवले; काही तर फार्नेझे घराण्याच्या बागेच्या भिंतीत साधे दगड म्हणून चिणले गेले. आज सुमारे ११८६ तुकडे उपलब्ध आहेत. मूळ नकाशाचा तो जेमतेम १० ते १५ टक्के भाग.

९/
आता विचार करा. हातात एक तुकडा आहे. त्यावर तीन खोल्या, एक जिना आणि अर्धी गल्ली. मापे स्पष्ट आहेत, प्रमाण ठाऊक आहे. पण ही गल्ली रोममध्ये होती कुठे आणि तिचे तोंड होते कोणीकडे? तुकडा स्वतः ते सांगत नाही. त्याचा आकार शाबूत आहे, ठिकाण गेले आहे. एखाद्याचे रेखीव चित्र सापडावे, पण खाली नाव नसावे, तशी ही अवस्था.

१०/
मग विद्वानांनी ठिकाणाचा माग कसा काढला? सुदैवाने नकाशा ज्या भिंतीवर होता ती भिंत आजही उभी आहे आणि फरश्या जखडणाऱ्या आकड्यांची भोके तिच्यावर आहेत. फरशीची जाडी, दगडातील शिरा, मागील बाजूचा खडबडीतपणा यांवरून कोणता तुकडा कोणत्या फरशीचा हे जुळवता येते. १९९९ पासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने या तुकड्यांचे लेझरने त्रिमितीय मापन केले आणि तुटलेल्या कडा संगणकाकडून जुळवून पाहिल्या.

११/
परंतु खरा आधार मिळाला तो कोलोसियम, सर्कस मॅक्सिमस, पाँपेचे नाट्यगृह अशा वास्तूंचा. त्या नकाशातही आहेत आणि जमिनीवरही आहेत. एकच जागा दोन्हीकडे निश्चित सापडली की नकाशा तिथे टेकवता येतो. अशी दुसरी जागा मिळाली की तो किती फिरवायचा हे कळते. हे सूत्र पुढे लागणार आहे : एक बिंदू आणि एक कोन.

१२/
जानेवारी २०२४ मध्ये रोमच्या सेलिओ टेकडीवर या नकाशाचे संग्रहालय उघडले. तेथे तुकडे भिंतीवर न लावता जमिनीत काचेखाली ठेवले आहेत. त्यांच्या तळाशी आधार म्हणून जंबात्तिस्ता नोल्ली याने १७४८ मध्ये प्रसिद्ध केलेला रोमचा नकाशा पसरला आहे. नोल्लीच्या नकाशात उत्तर वर आहे. म्हणजे सेव्हेरसचा आग्नेयाभिमुख नकाशा फिरवून, साडेपंधरा शतकांनंतरच्या उत्तराभिमुख नकाशावर टेकवला आहे. पाहणारा काचेवरून चालतो.

१३/
युरोपात याच प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले. ख्रिस्ती चर्चची वेदी पूर्वेकडे असावी असा संकेत मध्ययुगात रूढ झाला. पण शहरातली जागा, रस्ता, जुना पाया यांमुळे हे नेहमी साधत नसे. तेव्हा अभ्यासकांनी तोड काढली : वेदी ज्या टोकाला असेल त्याला ‘विधीची पूर्व’ म्हणायचे, मग होकायंत्र काहीही सांगो. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाचे वेदीकडील टोक तर पश्चिमेला आहे!

१४/
यात फसवणूक नाही, सोय आहे. ‘उत्तरेकडील कमान’ म्हटल्यावर सर्वांना एकच कमान कळली पाहिजे, एवढाच हेतू. मात्र एक अट आहे. विधीची पूर्व आणि सूर्याची पूर्व यांतले अंतर कुठेतरी नोंदलेले हवे. ते नसेल, तर केवळ वर्णन वाचून चर्चचा आराखडा काढणारा माणूस संपूर्ण इमारत उलटी मांडून बसेल.

१५/
आता अटलांटिक ओलांडू. १८०७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने मॅनहॅटन बेटावरील भावी रस्ते आखण्यासाठी तीन आयुक्त नेमले : गव्हर्नर मॉरिस (‘गव्हर्नर’ हे त्याचे नाव, हुद्दा नव्हे), सिमियन डी विट आणि जॉन रदरफर्ड. १८११ मध्ये त्यांची योजना जाहीर झाली : लांबीच्या दिशेने १२ ॲव्हेन्यू आणि त्यांना छेदणारे १५५ रस्ते. हे जाळे खऱ्या उत्तरेवर बेतले नव्हते; ते बेटाच्या लांबीवर बेतले होते. म्हणून ते खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंश पूर्वेकडे कलले आहे.

१६/
त्या योजनेचा नकाशा पाहिला तर बेट आडवे पहुडलेले दिसते : दक्षिण टोक डावीकडे, हडसन नदी वरच्या अंगाला. लांबट बेट, लांबट कागद. पुढे लोकांच्या बोलण्यात जाळ्याची दिशा हीच ‘उत्तर’ झाली. ॲव्हेन्यूने वर जाणारा न्यूयॉर्ककर आपण उत्तरेला निघालो असे सांगतो. प्रत्यक्षात तो ईशान्येच्या जवळपास चाललेला असतो.

१७/
सूर्य मात्र या सोयीला मानत नाही. जाळे खऱ्या पूर्व-पश्चिमेवर असते तर मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी सूर्य नेमका आडव्या रस्त्यांच्या टोकाशी मावळला असता. जाळे कललेले असल्याने तो योग मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास येतो. इमारतींच्या घळीत नेमका मावळणारा तो सूर्य पाहायला हजारो लोक रस्त्यात उभे राहतात. त्याला ‘मॅनहॅटनहेंज’ असे नाव पडले आहे. कागदाची उत्तर आणि पृथ्वीची उत्तर यांतला फरक डोळ्यांनी दिसणारे हे दुर्मीळ स्थळ!

१८/
परंतु मॅनहॅटनचा खरा नायक आयुक्तांपैकी कोणी नव्हे. तो मोजणीदार जॉन रँडेल, धाकटा. योजना कागदावर आली, पण कागदावरचा चौक जमिनीवर नेमका कुठे हे कोण सांगणार? पुढची काही वर्षे रँडेल शेते, दलदली आणि खडक तुडवत होता. चौकाचौकांच्या जागी त्याने १५४९ संगमरवरी दगड रोवले. जिथे खडक होता तिथे ९८ लोखंडी खिळे ठोकले. सेंट्रल पार्कमधील एका खडकात असा एक खिळा टिकून आहे.

१९/
आपल्याकडे शेताच्या हद्दीचा दगड जे काम करतो तेच हे. त्यानंतर १८१८ ते १८२० मध्ये रँडेलने ९२ पत्रके रंगवली. त्यांत जुनी शेते, घरे, ओढे आणि येऊ घातलेले रस्ते एकत्र दिसतात. कागद जाळ्याप्रमाणे फिरवला असला तरी प्रत्येक पत्रक जमिनीवरील दगडांशी बांधलेले होते. म्हणूनच दोनशे वर्षांनी ती ९२ पत्रके आजच्या शहराच्या नकाशावर पसरवून दाखवता आली. कोण्या शेतकऱ्याचे घर आज कोणत्या चौकात येते, हे कळते ते या दगडांमुळे.

२०/
रोम आणि मॅनहॅटन यांची तुलना करा. दोन्ही नकाशे फिरवलेले. एकाचे तुकडे जुळवण्यात विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या. दुसरा आजही बिनचूक बसतो. दोष फिरवण्याचा नव्हताच. फिरवल्याने भिंतीची लांबी बदलत नाही, खोलीचा कोन बदलत नाही. हरवतो तो जमिनीशी असलेला धागा, आणि तोही नोंद ठेवली नाही तरच.

२१/
रँडेलचे दगड एका शहरापुरते होते. साऱ्या भूमीला एकाच मापात बांधण्याचे काम त्याच सुमारास हिंदुस्थानात चालू होते. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लँबटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजण्यास आरंभ केला. तीच पुढे ‘महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण’ म्हणून ओळखली जाणारी मोहीम. त्रिकोणामागून त्रिकोण रचत ती उत्तरेकडे सरकली. १८२३ च्या जानेवारीत लँबटन कामावर असतानाच वारला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. त्याची कबर तेथेच आहे.

२२/
या सर्वेक्षणाने दिलेली गोष्ट अशी : देशातल्या कोणत्याही मंदिराच्या शिखराला, टेकडीला, बुरुजाला अक्षांश-रेखांशांचे निर्देशक मिळू शकले. आता आराखडा केवळ शेजारच्या दगडाशी नव्हे, तर संपूर्ण पृथ्वीशी बांधता येऊ लागला. शेजारचा दगड उद्या कोणी उपटून टाकला तरी आकडे उरतात.

२३/
आता आपल्या काळात येऊ. १९८० च्या दशकात आराखडे संगणकावर आले आणि जुना पेच नव्या वेषात उभा राहिला. जागा रस्त्याला तिरकी, इमारत जागेला समांतर. संगणकात ती खऱ्या निर्देशकांवर ठेवली तर पडद्यावर तिरकी दिसते आणि रेखाटणे अवघड होते. सरळ करण्यासाठी आकृतीच फिरवली तर सर्व निर्देशक बदलतात. मग मोजणीदाराचा नकाशा एकीकडे आणि इमारत दुसरीकडे.

२४/
१९८८ च्या ऑटोकॅड आवृत्तीत यावर ‘यूजर कोऑर्डिनेट सिस्टिम’ आली. तिचे तत्त्व सोपे : आकृतीला हात लावू नका, मोजण्याची चौकट फिरवा. ‘वर्ल्ड’ म्हणजे जगाची चौकट स्थिर राहते. तिच्यावर आपल्या सोयीची दुसरी, तिरकी चौकट ठेवायची आणि पडदा तिच्याप्रमाणे वळवायचा. वही तिरकी धरली म्हणून वहीतला मजकूर बदलत नाही, तसेच हे.

२५/
१९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या एका छोट्या कंपनीने २००० मध्ये ‘रेव्हिट’ ही प्रणाली बाजारात आणली. २००२ मध्ये ती ऑटोडेस्कने विकत घेतली. तिच्यात सुट्या रेषांऐवजी संपूर्ण इमारतीची एकच त्रिमितीय प्रतिकृती असते आणि सारे आराखडे त्या प्रतिकृतीतून निघतात. येथे दोन उत्तरांना रीतसर नावेच मिळाली : ‘प्रोजेक्ट नॉर्थ’ म्हणजे कागदाची उत्तर आणि ‘ट्रू नॉर्थ’ म्हणजे पृथ्वीची उत्तर.

२६/
मजल्यांचे आराखडे प्रोजेक्ट नॉर्थवर ठेवायचे, म्हणजे पत्रकावर इमारत सरळ बसते. जागेचा नकाशा आणि सावल्यांचा अभ्यास ट्रू नॉर्थवर करायचा, कारण सूर्य सोय पाहत नाही. प्रतिकृती एकच, दृश्ये दोन. त्यांना जोडणारे असते काय? मोजणीदाराने दिलेला एक बिंदू आणि दोन उत्तरांमधला एक कोन. रोमच्या तुकड्यांना जे हवे होते तेच.

२७/
यात संगणकाची स्वतःचीही एक मर्यादा आहे. नकाशांच्या जागतिक जाळ्यात मुंबई विषुववृत्तापासून सुमारे २१ लाख मीटर उत्तरेला येते. पडद्यावर चित्र रंगवताना संगणक बहुधा संख्येचे २४ द्विमान अंकच सांभाळतो. एवढ्या मोठ्या संख्येजवळ त्याला लिहिता येणारी पुढची संख्या थेट पाव मीटर दूर असते! मग रेषा थरथरतात, वर्तुळे खडबडीत होतात. म्हणून इमारत शून्याजवळ ठेवायची आणि ती २१ लाखांची संख्या एकदाच, वेगळी नोंदवून ठेवायची.

२८/
आणखी एक बारकावा. नकाशाच्या जाळ्याची उत्तर आणि खरी उत्तर याही एक नसतात, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली आहे. मुंबई ज्या पट्ट्यात येते त्याची मध्यरेषा ७५ अंश रेखांशावर आहे. त्यामुळे मुंबईत दोहोंत सुमारे ०.७ अंशाचा फरक पडतो. वाचायला क्षुल्लक. पण १०० मीटर लांबीच्या इमारतीच्या टोकाला तो सव्वा मीटरच्या घरात जातो. जमिनीच्या हद्दीवरून भांडण लागायला तेवढे पुरे!

२९/
आता हे सारे तुम्हाला का सांगितले? आपल्यापैकी अनेक जण सुट्टीत किल्ल्यांवर जातात, बारवा साफ करतात, पडके वाडे टेपने मोजून आराखडे काढतात. हे काम मोलाचे आहे. पण त्यांतील कितीतरी आराखडे रोमच्या त्या तुकड्यांसारखे असतात. जोते सरळ मांडलेले, मापे चोख, आणि कोपऱ्यात ना बाण ना निर्देशक. आज ते चालते, कारण जोते समोर आहे. उद्या तिथे रस्ता आला, की आराखडा मुका झाला.

३०/
म्हणून आराखडा हवा तसा फिरवा, पण तीन नोंदी ठेवा. एक : दोन पक्क्या खुणांचे, समजा महादरवाजाचा उंबरा आणि टोकाच्या बुरुजाचा कोपरा, निर्देशक, ते कोणत्या पद्धतीचे हेही लिहा, कारण सर्वेक्षणाची जुनी एव्हरेस्ट पद्धत आणि मोबाइलची डब्ल्यूजीएस-८४ यांचे आकडे जुळत नाहीत. दोन : कागदाची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन. तीन : तारीख. होकायंत्राची उत्तर वर्षागणिक सरकते. कोन त्यावरून घेतला असेल तर तारखेवाचून तो दुरुस्त करता येणार नाही.

३१/
आणि त्या दोन खुणा एकमेकींपासून शक्य तितक्या दूर निवडा. मोबाइलने घेतलेल्या ठिकाणात ५ मीटरची चूक सहज होते. खुणा ५० मीटरवर असतील तर तेवढ्याने आराखडा जवळजवळ ६ अंशांनी कलेल. त्या ५०० मीटरवर असतील तर तीच चूक साधारण अर्ध्या अंशावर येते. यंत्र तेच, मेहनत तीच. फक्त चार पावले अधिक.

३२/
सेव्हेरसच्या कारागिरांनी रोममधला एकेक जिना कोरला. ठिकाण कोरण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण रोम कधी जाणार नाही असेच त्यांना वाटले असावे. रँडेलने मात्र जे शहर अजून उभेच नव्हते त्यासाठी खडकात खिळे ठोकले. पुढच्या वेळी आराखड्यावरचा तो तिरका बाण दिसला की क्षणभर थांबा. इमारत कागदासाठी वळवली आहे, आणि तिला जमिनीवर परत नेण्याची वाट त्या बाणाने राखून ठेवली आहे.

(धागा समाप्त. तुमच्या गावच्या एखाद्या जुन्या वास्तूचा आराखडा तुम्ही काढला असेल तर आधी बाण तपासा, मग खाली जरूर सांगा.)